थकलेल्या हृदयास चाबूक कीं विसावा?

आमच्या भिवंडी गांवीं दिवस उजाडतो तो मागाच्या खडखडाटांत आणि मावळतो तोही मागाच्याच खडखडाटांत. धोटा इकडून तिकडे धांवतो, ताण्यांत बाणा गुंफला जातो, आणि कापड तसूतसूनें पुढें सरकतें. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरची चूल या मागांवर पेटते. म्हणून मागाच्या दृष्टांतानेंच आजच्या विषयास आरंभ केला, तर तो आमच्या वाचकांस परका वाटणार नाहीं.

प्रत्येक मनुष्याच्या छातींत असाच एक माग आहे. आकारानें तो आपल्या मुठीएवढा. परंतु मिनिटास सुमारें ७२ वेळां, म्हणजे दिवसास एक लाखाहूनही अधिक वेळां तो चालतो. विश्रांतीच्या स्थितींतसुद्धां तो मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त पुढें लोटतो. कापडाचा माग बिघडला, तर तो थांबवून दुरुस्त करतां येतो. हृदयाच्या मागास तशी सवड नाहीं. त्याची दुरुस्ती करावयाची ती तो चालतां ठेवूनच.

असा हा माग दुर्बळ झाला, तर काय करावें? आमच्या ऐकण्यांत एक गोष्ट पुष्कळदां येते. घरांतील वडीलधाऱ्या माणसास चालतांना दम लागूं लागतो, पायांस सूज येते, आणि डॉक्टर तपासून सांगतात कीं हृदयाचें बळ कमी झालें आहे. मग जीं औषधें दिलीं जातात, त्यांत हृदयाची गति मंद करणारी एक लहानशी गोळी असते. हें कळतांच घरांत शंका उठते: "अगोदरच हृदयांत बळ नाहीं, त्यांत हें औषध त्याचा वेग आणखी कमी करणार! मग यानें गुण कसा यावा?" आणि कांहीं घरीं ती गोळी फळीवर तशीच पडून राहते.

ही शंका वेडगळ नव्हे. जगांतील नामांकित वैद्यांनाही कित्येक वर्षें हेंच वाटत होतें, आणि त्यांच्या ग्रंथांतही तसेंच लिहिलेलें होतें. तें मत पुढें बदललें. तें कां बदललें, हें समजण्यास हृदयाच्या एकेका पेशींत शिरावें लागेल. परंतु तेथें जाण्यापूर्वीं आपण आपल्या जवळच्याच परळास जाऊं. कारण या कथेचें एक महत्त्वाचें पान तेथें लिहिलें गेलें आहे.

परळच्या रुग्णालयांतील एक प्रयोग

मुंबईंत परळ येथें १९२६ सालीं सुरू झालेलें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आहे. के. ई. एम. या नांवानें तें आमच्या जिल्ह्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. तेथें डॉ. रुस्तम जाल वकील या नांवाचे हृदयरोगतज्ज्ञ काम करीत असत. त्यांचा जन्म १९११ सालचा. रक्तदाब वाढलेल्या रोग्यांस देण्याजोगें चांगलें औषध त्या काळीं डॉक्टरांजवळ जवळजवळ नव्हतेंच. मीठ कमी करा, अंथरुणावर पडून राहा, यापलीकडे फारसें कांहीं सांगतां येत नसे.

आपल्या देशांत मात्र सर्पगंधा नांवाचें एक लहान झुडूप पुरातन काळापासून वैद्यांस ठाऊक होतें. कोंकणांत आणि सह्याद्रीच्या ओलसर रानांतही तें उगवतें. त्याचें मूळ सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर देण्याची परंपरा होती. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनीं असें लिहिलें कीं, या मुळाच्या चूर्णानें उन्माद शमतो, तसाच वाढलेला रक्तदाबही उतरतो. परंतु हें वृत्त आपल्या देशाबाहेर फारसें पोंचलें नाहीं.

डॉ. वकील यांनीं हें औषध आपल्या रोग्यांस कित्येक वर्षें देऊन पाहिलें. औषधापूर्वींचा रक्तदाब व नंतरचा रक्तदाब यांची त्यांनीं टिपणें ठेविलीं. त्यांतून निवडलेल्या ५० रोग्यांचें वृत्त त्यांनीं १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता आणि नाडीही शांत झाली होती. हा लेख वाचून अमेरिकेंत बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं तें औषध मागवून आपल्या रोग्यांवर वापरलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं त्या मुळांतील गुणकारी द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्यास रेसर्पिन असें नांव मिळालें. पुढें १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक देण्यांत आलें.

परंपरेनें सांगितलें म्हणून डॉ. वकिलांनीं तें खरें धरलें नाहीं, आणि परंपरेचें आहे म्हणून टाकूनही दिलें नाहीं. त्यांनीं मोजून पाहिलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं या कथेंतून एवढेंच घेतलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक होईल.

आतां, हें मूळ करतें काय? आपल्या शरीरांत हृदयाकडे जाणारे कांहीं मज्जातंतु आहेत. त्यांच्या टोकांशीं बारीक बारीक पिशव्या असून त्यांत नॉरअॅड्रेनलिन नांवाचें द्रव्य भरलेलें असतें. भय, श्रम किंवा क्रोध यांच्या वेळीं या पिशव्या फुटून तें द्रव्य हृदयावर पडतें आणि हृदय जोरानें उडूं लागतें. याच द्रव्याचा भाऊ शोभणारें अॅड्रेनलिन हें मूत्रपिंडावरील ग्रंथींतून रक्तांत येतें. रेसर्पिन त्या पिशव्या भरूंच देत नाहीं. कोठार रितें झालें कीं हांक देणारा राहतो, पण त्याचा आवाज निघत नाहीं. मग रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदय सावकाश चालूं लागतें.

हांक हृदयापर्यंत पोंचली नाहीं, कीं तें शांत होतें, हें यावरून कळलें. परंतु हांक पोंचते तेव्हां हृदयाच्या पेशींत काय घडतें? १९४९ सालीं तें कोणासच ठाऊक नव्हतें.

पेशीच्या आंत

आपलें शरीर लक्षावधि पेशींचें नव्हे, तर कोट्यवधि पेशींच्या कोट्यवधि समूहांचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें असतात, आणि पेशींतील बहुतेक कामें तींच करितात. त्यांना लागणारी शक्ति पुरविणाऱ्या द्रव्यास ए. टी. पी. म्हणतात. आंध्र प्रांतांत भीमावरम् येथें जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बराव यांनीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें सायरस फिस्के यांच्यासह १९२९ सालीं हें द्रव्य स्नायूंत शोधून काढलें. त्याच वर्षीं जर्मनींत कार्ल लोमान यांनाही तें स्वतंत्रपणें सांपडलें. या द्रव्यास फॉस्फेटाचे तीन मणी एका ओळींत जोडलेले असतात. शेवटचा मणी तुटला कीं शक्ति मोकळी होते.

परंतु हा मणी केवळ शक्तीसाठींच तुटतो असें नाहीं. अमेरिकेंत सिअॅटल येथें एडविन क्रेब्स व एडमंड फिशर हे दोघे शास्त्रज्ञ स्नायूंतील एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. तें प्रथिन कधीं निष्क्रिय असे, तर कधीं एकाएकीं कामास लागे. १९५५ सालीं त्यांस त्याचें मर्म उमगलें. दुसरें एक प्रथिन ए. टी. पी.चा शेवटचा फॉस्फेट-मणी काढून पहिल्या प्रथिनास डकवीत होतें, आणि मणी लागतांच पहिलें प्रथिन जागें होत होतें. असा मणी डकविणाऱ्या प्रथिनास प्रथिन-कायनेझ म्हणतात. तो मणी पुन्हां काढून घेणारींही प्रथिनें आहेत. त्यांस फॉस्फेटेझ म्हणतात. या शोधाबद्दल क्रेब्स व फिशर यांना १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

माग चालू करण्यासाठीं एक दांडा ओढावा लागतो, आणि थांबविण्यासाठीं तो पुन्हां मागें लोटावा लागतो. माग तोच, सूतही तेंच; दांडा कोठें आहे यावर सारें अवलंबून. फॉस्फेटाचा मणी हा पेशींतील दांडा होय. कायनेझ हा दांडा ओढणारा मुकादम, आणि फॉस्फेटेझ हा तो मागें लोटणारा दुसरा मुकादम. मनुष्याच्या शरीरांत असे दांडा ओढणारे ५०० हून अधिक प्रकारचे मुकादम आहेत. प्रत्येकाचे माग ठरलेले, आणि प्रत्येकास हांक मारण्याची रीतिही ठरलेली.

गड चढणारा मुलगा

आतां हे मुकादम हृदयांत कसें काम करितात तें पाहूं. आमच्या शाळेचा एखादा मुलगा सहलीस जाऊन शहापूर तालुक्यांतील माहुलीचा गड चढूं लागला, अशी कल्पना करा. चढण लागतांच त्याचें हृदय धडधडूं लागतें. त्या क्षणीं पेशींत एकामागून एक पुढील गोष्टी घडतात.

प्रथम अॅड्रेनलिन येऊन हृदयपेशीच्या भिंतींतील एका प्रथिनास चिकटतें. या प्रथिनास बीटा-ग्राहक म्हणतात. अमेरिकेंतील रेमंड आल्क्विस्ट यांनीं १९४८ सालीं या ग्राहकांची कल्पना मांडली. ग्राहक म्हणजे दारावरील घंटा समजा. बाहेरून ती कोणी वाजविली कीं घराच्या आंत निरोप जातो. आंतील निरोप्या म्हणजे चक्रीय ए. एम. पी. नांवाचा एक लहान रेणु. तो अर्ल सदरलँड यांनीं शोधिला आणि त्याबद्दल त्यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा निरोप्या ज्या मुकादमास उठवितो तो म्हणजे प्रथिन-कायनेझ ए. याची ओळख १९६८ सालीं क्रेब्स यांच्याच प्रयोगशाळेंत पटली.

हा मुकादम उठला कीं तीन ठिकाणीं दांडे ओढतो. पहिलें ठिकाण म्हणजे कॅल्शियमचें दार. कॅल्शियम हें जसें हाडांत असतें तसें पेशीच्या भोंवतींही असतें, आणि तें पेशींत शिरल्यावांचून हृदय आकुंचन पावत नाहीं. मुकादमाच्या आज्ञेनें हें दार अधिक उघडतें, अधिक कॅल्शियम आंत येतें, आणि ठोका जोरदार पडतो. दुसरें ठिकाण म्हणजे आंत आलेलें कॅल्शियम पुन्हां कोठारांत भरणारा पंप. या पंपास फॉस्फोलॅंबन नांवाच्या एका प्रथिनाचा लगाम असतो. फॉस्फेटाचा मणी लागतांच तो लगाम सैल होतो, पंप वेगानें चालतो, आणि हृदय लवकर सैलावून पुढच्या ठोक्यास सिद्ध होतें. तिसरें ठिकाण खुद्द आकुंचनाच्या धाग्यांवर आहे. तेथें मणी लागला कीं धागे कॅल्शियमास लवकर सोडूं लागतात.

जोरदार आकुंचन आणि चटकन सैलावणें हीं दोन्हीं एकाच वेळीं साधणारी ही योजना किती सुंदर आहे! गड चढून मुलगा झाडाच्या सावलींत बसतो, घंटा वाजावयाची थांबते, निरोप्या नाहींसा होतो, दुसरा मुकादम मणी काढून घेतो, आणि कांहीं मिनिटांत नाडी पूर्ववत् होते. संकट आलें तेव्हां धांव, संकट टळलें कीं विसावा. निरोगी हृदयाचा हाच नियम होय.

हांक थांबतच नाहीं तेव्हां

दुर्बळ हृदयांत हा नियम मोडतो. हृदयविकाराच्या झटक्यानें मांसाचा कांहीं भाग मृत झाला, किंवा वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध वर्षानुवर्षें झगडून हृदय थकलें, म्हणजे तें पुरेसें रक्त पुढें ढकलूं शकत नाहीं. शरीरास याचें खरें कारण उमगत नाहीं. त्यास वाटतें कीं, रक्तस्राव झाला असावा किंवा मोठें संकट आलें असावें. मग तें मज्जातंतूंच्या द्वारें हृदयास हांक मारूं लागतें. हृदय थोडा वेळ जोर करितें, पुन्हां थकतें. शरीर अधिकच मोठ्यानें हांक मारितें. मुलगा गडाच्या माथ्यावर कधीं पोंचतच नाहीं. तो रात्रीं झोंपेंतही चढण चढतच असतो.

अशा स्थितींत पेशी आपला बचाव करूं पाहते. एका निराळ्या कायनेझास असें काम नेमून दिलें आहे कीं, घंटा फार वेळ वाजत राहिली, तर खुद्द घंटेसच मणी डकवून तिचा आवाज बंद करावयाचा. या कायनेझाचा शोध अमेरिकेंतील रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेंत लागला. ग्राहकांवरील कार्याबद्दल त्यांना ब्रायन कोबिल्का यांच्यासह २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८२ सालीं मायकेल ब्रिस्टो व त्यांचे सहकारी यांनीं अतिशय दुर्बळ झालेलीं हृदयें तपासलीं, तेव्हां त्यांतील बीटा-ग्राहकांची संख्या निम्म्याच्या आसपास उतरलेली आढळली. सदा वाजणाऱ्या घंटेला कंटाळून जणूं घरमालकानें अर्ध्या घंटा काढूनच टाकिल्या होत्या.

हानि एवढ्यावरच थांबत नाहीं. कॅल्शियमची ये-जा अखंड चालू राहिली म्हणजे त्याच्यावर जागें होणारे दुसरे कायनेझ उठतात. ते पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप पोंचवितात आणि पेशी वेडीवांकडी वाढूं लागते. कोठारांतून कॅल्शियम अवेळीं गळूं लागतें. त्यामुळें ठोक्यांचा ताल बिघडून प्राणावर बेतूं शकतें. कांहीं पेशी मरतात आणि त्यांच्या जागीं निबर तंतु भरतात. जो संदेश क्षणभर तारतो, तोच अष्टौप्रहर चालला तर मारतो, हें आमच्या आजच्या पाठाचें सूत्र आहे.

दोन परीक्षा

आतां उपचाराकडे वळूं. थकलेला बैल घाटांत अडला, तर गाडीवानास दोन उपाय सुचतात: चाबूक ओढणें, किंवा जूं सैल करून बैलास दम घेऊं देणें. हृदयाच्या बाबतींत वैद्यकशास्त्रानें हे दोन्ही उपाय करून पाहिले आहेत, आणि दोहोंचा निकाल मोजला आहे.

चाबकाचा उपाय असा. चक्रीय ए. एम. पी. या निरोप्यास नाहींसें करणारें एक प्रथिन पेशींत असतें. त्यास अडवून धरणारें मिल्रिनोन नांवाचें औषध निघालें. निरोप्या टिकून राहिला, मुकादम जागा राहिला, आणि हृदयाचा ठोका जोरदार झाला. रोग्यांना बरें वाटलें पाहिजे, अशीच सर्वांची अपेक्षा होती. अतिशय दुर्बळ हृदयाच्या १,०८८ रोग्यांपैकीं कांहींना ही गोळी आणि इतरांना तशीच दिसणारी पण औषधहीन गोळी देण्यांत आली. १९९१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण २८ टक्क्यांनीं अधिक भरलें! रुग्णालयांत अत्यंत संकटाच्या वेळीं, थोडा काळ, शिरेवाटे देण्यापुरतें हें औषध आजही उपयोगी पडतें. परंतु दररोजचा चाबूक म्हणून तें घातक ठरलें.

विसाव्याच्या उपायाची कथा याच्या उलट आहे. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनीं बीटा-ग्राहकाच्या घंटेवर हात ठेवून ती वाजूंच न देणारीं औषधें शोधून काढिलीं. त्यांतील प्रोप्रॅनोलॉल हें १९६० नंतरच्या दशकांत वापरांत आलें, आणि १९८८ सालीं ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालें. छातींतील कळ व रक्तदाब यांवर हीं औषधें गुणकारी ठरलीं. परंतु दुर्बळ हृदयास तीं मुळींच देऊं नयेत, असा दंडक होता. १९७५ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा दंडक मोडला आणि अशा सात रोग्यांस हीं औषधें दिलीं. त्या रोग्यांस आराम वाटल्याचें त्यांनीं लिहिलें. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाहीं. सात रोग्यांवरून सिद्धांत निघत नाहीं, हा आक्षेपही रास्त होता.

म्हणून मोठी परीक्षा आवश्यक झाली. युरोपांत बिसोप्रोलॉल या औषधाची परीक्षा दुर्बळ हृदयाच्या २,६४७ रोग्यांवर करण्यांत आली आणि १९९९ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध झाला. औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकीं २२८ जण मरण पावले, तर औषध घेणाऱ्यांपैकीं १५६. शेंकडेवारीनें सांगावयाचें तर १७.३ विरुद्ध ११.८. लाभ इतका उघड दिसला कीं परीक्षा मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली. कारण अर्ध्या रोग्यांस त्या औषधापासून वंचित ठेवणें न्याय्य राहिलें नाहीं.

याचा अर्थ आतां आपल्यास लावतां येईल. घंटेवर हात ठेविला, निरोप्या कमी झाला, मुकादमास उसंत मिळाली. अखंड चढण संपली. कित्येक रोग्यांत कांहीं महिन्यांनीं हृदयाचा फुगलेला आकार कमी होतो आणि त्याचें बळही वाढतें. गति कमी करणारें औषध शेवटीं शक्ति देऊन जातें. डॉ. वकिलांच्या मुळीनें हांक देणाऱ्याचें कोठार रितें केलें होतें. या गोळीनें हांक ऐकणाऱ्याच्या दारावर पहारा बसविला. मार्ग निराळे, परंतु दोहोंचें धोरण एकच: अवेळीं उठविल्या जाणाऱ्या मुकादमास विसावा देणें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कायनेझास सरसकट बंद करणें हा उपाय नव्हे. २००१ सालापासून कर्करोगावर कायनेझास थेट अडविणारीं औषधें वापरांत आलीं आहेत आणि त्यांनीं कित्येकांचे प्राण वांचविले आहेत. परंतु त्यांपैकीं कांहींचा भार हृदयावर पडतो, म्हणून तीं देतांना डॉक्टर हृदयाकडे लक्ष ठेवितात. जो मुकादम कर्करोगाच्या पेशींत अनर्थ करितो, तोच हृदयाच्या पेशींत आवश्यक चाकरी करीत असतो. कोणास, कोठें आणि किती विसावा द्यावयाचा, यांतच सारी विद्या आहे.

आपण काय करावें

आतां चार शब्द विशेषेंकरून आमच्या पालकांसाठीं. दुर्बळ हृदयासाठीं दिलेली ही गोळी आरंभीं अगदीं थोड्या मात्रेनें देतात आणि कांहीं आठवड्यांनीं हळूहळू वाढवितात. पहिल्या दिवसांत रोग्यास अधिक थकवा वाटण्याचा संभव असतो. अशा वेळीं गोळी फळीवर ठेवून न देतां डॉक्टरांस भेटून सांगावें. मात्रा कमी करावी कीं तशीच ठेवावी हें त्यांना ठरवितां येतें. ही गोळी एकाएकीं बंद करणें तर विशेष धोक्याचें आहे. दाबून धरलेली घंटा हात काढतांच पूर्वींहून मोठ्यानें वाजूं लागते. त्यामुळें रक्तदाब उसळतो आणि छातींत कळाही येऊं शकतात. बरें वाटतें म्हणून औषध सोडणारा मनुष्य हें विसरतो कीं, बरें वाटतें तें औषधामुळेंच.

दुसरी गोष्ट सर्पगंधेची. हिची थोरवी आम्ही वर गाइली, म्हणून कोणी रानांतून मूळ आणून उगाळूं नये. एका मुळांत द्रव्य किती आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. रेसर्पिनानें कित्येक रोग्यांस खोल उदासीनता येत असल्याचेंही पुढें आढळून आलें. आज रक्तदाबावर त्याहून निर्धोक औषधें उपलब्ध असल्यामुळें त्याचा वापर मागें पडला आहे. शिवाय मुळासाठीं हें झुडूप इतकें खणलें गेलें कीं, आतां त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ज्यानें जगास वाट दाखविली, त्या झुडपास आतां रानांत सुखानें वाढूं द्यावें.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची. वाढलेला रक्तदाब पुष्कळदां मुळींच दुखत नाहीं. माग बिघडूं लागला कीं त्याचा आवाज बदलतो आणि जाणत्या कारागिरास तो लांबूनच ओळखूं येतो; वाढलेला रक्तदाब मात्र असा कांहीं आवाज करीत नाहीं. तो मोजावाच लागतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरच्या मोठ्या माणसांस विचारावें: "बाबा, आजी, तुमचा रक्तदाब शेवटचा केव्हां मोजला होता?" हा एक प्रश्न विचारण्यास विद्यार्थ्यास कांहीं खर्च येत नाहीं, परंतु त्यापासून घराचें छत्र वांचण्याचा संभव आहे.

आणि विसावा म्हणजे आळस असें कोणीं समजूं नये. निरोगी मुलानें गड चढावा, धांवावें, खेळावें. कारण चढण आणि विसावा या दोहोंच्या फेऱ्यांनींच हृदय बळकट होतें. पवित्र शास्त्रांत सहा दिवसांच्या श्रमानंतर सातव्या दिवशीं विसावा सांगितला आहे, आणि तो धन्याप्रमाणेंच त्याच्या चाकरांस व गुराढोरांसही सांगितला आहे. आमच्या लहानपणीं ही आज्ञा केवळ धर्माची वाटत असे. आज पेशींतील एका सूक्ष्म मण्याकडे पाहिलें कीं वाटतें, ज्यानें हृदय निर्माण केलें त्यानें ठोका आणि दोन ठोक्यांमधील उसंत हीं दोन्हीं एकाच हातानें निर्मिलीं आहेत.

भिवंडीच्या मागांवर राबणारे हात, आणि त्या हातांमागें अहोरात्र राबणारीं हृदयें, यांना त्या उसंतीचा वांटा मिळो. तो मिळवून देण्याचें ज्ञान आमच्या या शाळेंतील एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून आणखी एक पाऊल पुढें जावो, अशी आमची इच्छा आहे.